पानगळीची कॅसेट

घड्याळजींनी आयुष्यात एकच गोष्ट बायकोला न विचारता दुरुस्त केली, आणि तीच नेमकी अंगाशी आली.

त्याचं असं झालं. बायको न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तीन आठवडे ती दवाखान्यात होती. घरात घड्याळजी एकटे. घड्याळदुरुस्तीचं दुकान त्यांनी याच उन्हाळ्यात बंद केलं होतं, पण हात काही स्वस्थ बसत नव्हते. भिंतीवरची नऊच्या नऊ घड्याळं त्यांनी पुसली, त्यांना तेल घातलं आणि सगळी एका ठोक्यावर आणून ठेवली. मग त्यांची नजर गेली कपाटावरच्या जुन्या टेपरेकॉर्डरवर. आतला पट्टा सैल पडला होता, चाकांभोवती कोटांचे धागे गुंडाळले गेले होते.

आता हे धागे कुठून आले ते सांगायला हवं. घड्याळजींची बायको तीस वर्षं घरी बसून कोटांना काजं-बटणं करत असे. पानगळ लागली की कोटांचा हंगाम सुरू व्हायचा. गठ्ठेच्या गठ्ठे घरी यायचे, आणि त्या दिवसापासून टेपवर एकच कॅसेट लागायची. एक व्हायोलिन आणि मागे पियानो, बाकी काही नाही. गाण्यांच्या कॅसेटी तिला कामाच्या वेळी चालत नसत. "शब्द असले की मी त्या गाणाऱ्या बाईशी वाद घालत बसते," ती म्हणायची. त्या कॅसेटवर काय लिहिलं होतं ते कधीच पुसून गेलं होतं. घरात तिचं नाव पानगळीची कॅसेट.

बायको घरी येईल तेव्हा पानं गळायला लागलेली असतील, ती कॅसेट मागेल, तेव्हा यंत्र ठणठणीत हवं, असं मनाशी धरून घड्याळजींनी नवा पट्टा घातला, चाकं साफ केली, कॅसेट लावली आणि समोर घड्याळ धरलं. सुरावटीचे मिनिटाला बरोबर साठ ठोके. सेकंदकाट्याच्या पावलाला पाऊल. घड्याळजींना कोण आनंद झाला.

बायको घरी आली ती चार पायांचा वॉकर घेऊन. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चाला, नाहीतर पाय आखडेल. लेकीने त्याच्यापुढची अट घातली. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला पाचव्या मजल्यावर राहत होती.

"आई, दारातल्या झाडाची पानं संपेपर्यंत तू पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत एकटी चाललीस, तर राहा दोघं इथे. नाहीतर मी तुम्हाला माझ्याकडे नेणार. थंडीत तुला पलंगावर सोडून मला झोप लागायची नाही."

"आणि माझी घड्याळं?" घड्याळजींनी विचारलं.

"एक आणा, बाबा. नऊ लावली तर माझा नवरा वेडा होईल."

पलंगापासून स्वयंपाकघर म्हणजे बावीस पावलं. घड्याळजींनी मोजली होती.

"माझी कॅसेट लावा," बायको म्हणाली. "तिच्यावर हात चालायचे, पायही चालतील."

घड्याळजींनी मोठ्या उत्साहाने लावली. बायको उठली, चार पावलं गेली, आणि वॉकर धरून उभी राहिली.

"ही ती नाही."

"अगं, तीच आहे. घरात दुसरी आहे कुठे?"

"ही मला ढकलते. पाठीमागे कोणीतरी घाईत उभं असल्यासारखं वाटतं." ती तशीच मागे वळली, पलंगावर बसली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी ती उठलीच नाही. पाय नाही, कानच म्हातारे झाले असतील, असं म्हणाली, आणि तिच्या तोंडून असलं काही घड्याळजींनी आजवर ऐकलं नव्हतं.

त्यांनी लेकीला फोन केला. लेक रविवारी आली ती मुठीएवढा स्पीकर घेऊन. फोनवर तिने पानगळीत घरी लावायचं संगीत अशी एक भलीमोठी यादी काढली. सगळं बिनशब्दांचं, फक्त वाद्यं. पुढे सामान बांधायला लागलं तर म्हणून की काय, सहा रिकामी खोकीही तिने आणली होती. ती तिने दाराजवळ एकावर एक रचली.

पहिल्यांदा पियानो लागला, मागे पावसाचा आवाज.

"कपडे आत घेतलेत का, बघा हो," आई म्हणाली.

मग एक लांबच लांब बासरी.

"हे दातांच्या दवाखान्यात लावतात. मला तोंड उघडून बसावंसं वाटतंय."

मग बरीचशी व्हायोलिनं एकदम.

"कोणाच्या घरचं गेलं गं?"

"आई, यात तीनशे आहेत," लेक म्हणाली.

"मग मी तीनशे वेळा नको म्हणू का? दमशील तू."

लेक हसली, पण निघताना तिने खिडकीतून झाडाकडे पाहिलं. निम्मं झाड उघडं झालं होतं. खाली झाडूवाला ओल्या पानांचे ढीग करत होता.

दोन दिवसांनी, दुपारची गोष्ट. घड्याळजींच्या स्वेटरचं एक बटण लोंबत होतं. बायकोने पलंगावर बसल्याबसल्या सुई-दोरा मागून घेतला आणि ते लावायला घेतलं. सुई आत, सुई बाहेर, आणि नाकातल्या नाकात ती गुणगुणायला लागली. पानगळीचीच चाल. आपण गुणगुणतोय हे तिच्या गावीही नव्हतं. घड्याळजींनी सवयीने खिशातलं घड्याळ काढलं. मिनिट संपलं. एक्कावन्न. आपलंच चुकलं असेल म्हणून त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा एक्कावन्न.

मग त्यांना उमगलं. तीस वर्षं ते दिवसभर दुकानात असायचे. घरी यायचे तेव्हा टेप बंद झालेला असायचा. यंत्र मागे पडतंय हे त्यांच्या कानावर कधी आलंच नाही, आणि बायकोच्या हातांत मात्र ते मागे पडणं मुरलं होतं.

"अगं, मी टेप दुरुस्त केला," ते म्हणाले.

सुई थांबली. "कधी?"

"तू दवाखान्यात असताना. तो हळू चालत होता."

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

घड्याळजींनी हातातलं घड्याळ खिशात सरकवलं.

"हळू की भराभर, मला काय ठाऊक," बायको म्हणाली. "मला ती तेवढीच ठाऊक होती. मला वाटलं, आता मीच संपत आले."

ती हे इतक्या साधेपणाने बोलली की घड्याळजींना तिच्याकडे बघवेना. ते उठले आणि हत्यारांची पेटी घेऊन खिडकीपाशी बसले. टाकून कधी काही द्यायचं नाही ही त्यांची सवय, त्यामुळे जुना पट्टा डबीत होता. पण वाळून कडक झालेला. बोटाने ताणला तसा तुटला.

राहिला मोटरच्या मागचा बारीक स्क्रू. त्याने वेग कमी-जास्त होतो हे त्यांना माहीत होतं. पण पेचकस लावला आणि हात अडला. चाळीस वर्षं लोक मागे पडलेली घड्याळं घेऊन त्यांच्याकडे येत होते. नीट चालणारं यंत्र मुद्दाम मागे पाडायचं, हे त्यांच्या हातांना माहीतच नव्हतं. शेवटी त्यांनी श्वास रोखला आणि स्क्रू केसभर फिरवला. अठ्ठावन्न. आणखी थोडा. चौपन्न. व्हायोलिनचा आवाज खाली उतरला, शेकल्यासारखा ऊबदार झाला. एक्कावन्न.

बायकोने स्वेटर बाजूला ठेवला.

"ही," ती म्हणाली.

ती वॉकर धरून उठली. घड्याळजींनी त्या खोलीतल्या घड्याळाचा लंबक बोटाने थांबवला, म्हणजे तिच्या पावलांत तो लुडबुडायला नको. चार पावलं झाली. पाचवं पडलं. नऊ झाल्यावर ती थांबली, दम घेतला आणि तोंड न वळवता म्हणाली, "मनातल्या मनात मोजताय ना? मोजू नका."

"नाही मोजत," घड्याळजी म्हणाले, आणि पुढची पावलं त्यांनी खरंच मोजली नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती खोलीच्या दारापर्यंत गेली. पाचव्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन तिने स्वतःच्या हाताने चहा ठेवला आणि घड्याळजींनी डबे कसे उलटेसुलटे लावलेत त्याबद्दल चांगलं फैलावर घेतलं. घड्याळजी दारात उभे राहून सगळं मुकाट्याने ऐकत होते. ती पडल्यापासून इतकं बरं त्यांना वाटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी लेकीने बेल वाजवली. दार उघडायला जरा वेळ लागला, आणि उघडलं ते आईने. लेक उंबऱ्यातच उभी राहिली. मग तिने पटकन पाठ फिरवून चपला काढायला घेतल्या, आणि त्या काढायला तिला नको इतका वेळ लागला. झाडावर अजून दहाबारा पानं होती.

आत आल्यावर तिने कान टवकारले. "बाबा, टेप रेंगाळतोय. माझ्या ओळखीचा एक दुरुस्तीवाला आहे. नेऊ का?"

"हात लावू नकोस," घड्याळजी म्हणाले. "वेळेवर आहे तो."

आई एव्हाना वॉकर घेऊन स्वयंपाकघराकडे वळली होती. "चहा टाकते," ती जाताजाता म्हणाली, "आणि जाताना ती खोकी घेऊन जा गं. येता-जाता पायात येतात."