पाटी कुणाच्या डोक्यावर?

मी एक जुनी पाटी आहे. लिहायची नव्हे, मित्रांनो. माती वाहायची, लोखंडाची. कुणी मला घमेलंही म्हणतं. माझ्या कडेला पोचे आहेत, बुडाला गंज आहे, आणि मी वाटेत दिसले की लोक पाय आखडून घेतात. घेईनात का. मी कुणाची मनधरणी करायला बोलत नाही. माझ्यावरून एकदा भांडण झालं आणि ते व्हायलाच हवं होतं, एवढं सांगायला तोंड उघडलं आहे.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. आधी मी नुसता सपाट पत्रा होते. यंत्राने वरून असा दाब दिला की क्षणात मला पोट आलं. मग माझी कड वळवली, काळा रंग फासला आणि बहिणींच्या चळतीत बसवून दुकानात धाडलं. तिथून मला एका मजुराने उचललं. त्याच्या घरी तेव्हा नुकतीच मुलगी झाली होती.

त्याच्या डोक्यावर कापडाची चुंबळ आणि चुंबळीवर मी, अशी आमची वरात वर्षानुवर्षं चालली. वाळू, खडी, विटांचे तुकडे. जिने बांधायच्या आधी आम्ही फळ्यांवरून वर चढायचो. इमारत उभी राहिली की लोक रंगाचं कौतुक करत, दिव्यांचं करत. आम्हा दोघांना मात्र मागच्या दाराने बाहेर काढत, कारण फरशी खराब झाली असती.

पुढे त्याची मान गेली. ओझं उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्याला पाण्याचे जार पोचवणाऱ्या टेम्पोवर चालकाची नोकरी लागली. त्या दिवशी त्याने मला घासून लख्ख केलं, पिंपामागे पालथं घातलं आणि तो बायकोला म्हणाला, "आता आपल्या घरात ही कुणी डोक्यावर घेणार नाही."

मी तिथेच पडून राहिले. पालींनी माझ्याखाली अंडी घातली. ती मुलगी मोठी झाली, मोठ्या शाळेत जाऊ लागली. अंगाने इतकी बारीक की सगळे तिला काडीच म्हणत.

काडीच्या शाळेमागे एक ओढा होता. होता म्हणायचा, इतकंच. त्यात राडारोडा, बाटल्या, एक फाटकी गादी आणि गुडघाभर गाळ. विज्ञानाच्या बाईंनी ठरवलं, वर्गात बसून पाण्याबद्दल किती बोलायचं? दर रविवारी त्या मुलांना ओढ्यावर नेऊ लागल्या. गाळ उपसायचा, दगडांचे छोटे बांध घालायचे, काठावर गवत लावायचं आणि तिथेच शिकायचं. गावातली चार मोठी माणसंही हौसेने यायची. त्यांत एक दातांचे डॉक्टर होते आणि एक निवृत्त कंडक्टर मावशी. मावशी अजूनही सगळ्यांना "पुढे सरका, मधे थांबू नका" असंच म्हणायच्या.

बाईंनी प्रत्येकाला घरून काहीतरी अवजार आणायला सांगितलं. एकाने खेळण्यातली बादली आणली, एकीने आईचा झारा. काडीने मला पिंपामागून ओढून काढलं आणि पोत्यात गुंडाळून नेलं. वडील कामावर गेले होते, म्हणून तिला जमलं.

पहिल्याच खेपेला तिने मला शिगोशीग भरलं आणि चार पावलांत माझ्यासकट चिखलात बसली. मला हसू आलं, पण पोरगी रडली नाही. उठली, अर्धी पाटी भरली आणि चालू लागली. चारसहा रविवारांत पाणी वाहताना दिसू लागलं. खरं सांगते, वाळू वाहताना मला कधी एवढा हुरूप आला नव्हता.

पण एक गोष्ट मी पाहत होते. काही मुलं फीत लावून पाण्याची खोली मोजत. काही भिंगातून किडे बघत. काही लिहून घेत. आणि ज्यांच्याकडे पाटी, ती मुलं पाटी उचलत. काडी दर वेळी पाटीवर. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. बहुतेक वेळा नसतंच.

एका रविवारी ओढ्यावरच्या पुलावरून एक टेम्पो चालला होता. तो थांबला. काडीचे वडील खाली उतरले, चिखलातून चालत आले आणि लेकीच्या डोक्यावरून मला उचलून त्यांनी पालथं केलं. ते ओरडले नाहीत.

"बाई," ते म्हणाले, "तुमची मुलं माती उचलतात त्याला तुम्ही शिक्षण म्हणता. आम्ही जन्मभर उचलली, तेव्हा तसं कुणी म्हटलं नाही."

एवढं म्हणून ते मला काखेत मारून टेम्पोकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी मला भंगारवाल्याच्या गाडीवर ठेवलं. काडी शाळेला निघाली होती. तिने मला सरळ काढून घेतलं.

"ही विकायची नाही."

"तुझ्या बापाने दिलीय," भंगारवाला म्हणाला.

"त्यांनी दिली असेल. मी देत नाही."

"आधी घरात ठरवा," असं म्हणून तो पुढे गेला. काडी मला मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसली. वडील बाहेर आले.

"तुझ्या हातात लिहायची पाटी यावी म्हणून मी ही डोक्यावर घेतली. आणि तू हीच घेऊन निघालीस?"

"मी मजुरी करत नव्हते, बाबा. ओढा आमचा आहे."

"सगळ्यांचा आहे ना? मग मी पुलावरून काय बघितलं? एकाच्या हातात भिंग, एकाच्या हातात फीत. ते भिंग तुला कधी दिलं का?"

काडीने माझ्या कडेवरून बोट फिरवलं. "नाही."

"मग झालं तर."

"नाही झालं," काडी म्हणाली. "भिंग मी मागून घेईन. पण ओढा सोडणार नाही."

वडील मला तिच्याच मांडीवर सोडून कामावर गेले.

पुढच्या रविवारी काडीने मला सगळ्यांच्या मधोमध ठेवलं. "आज मी पाटी उचलणार नाही. मला भिंग पाहिजे."

ज्याच्या हातात भिंग होतं तो मुलगा म्हणाला, "पण तुला उचलायची सवय आहे."

"म्हणूनच."

"काडी, आपण कामं वाटून घेतली आहेत ना?" बाई म्हणाल्या.

"कुणी वाटली, बाई?"

बाई रागावल्या असत्या तर तिथेच सगळं संपलं असतं. त्यांनी पदर खोचला. "मी वाटली," त्या म्हणाल्या, "आणि चुकीची वाटली. आजपासून पाळ्या. मीसुद्धा."

पहिली पाळी डॉक्टरांनी मागून घेतली. त्यांनी मला काठोकाठ भरलं, उचललं आणि त्यांचा चष्मा गाळात गेला. कंडक्टर मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, अर्धं तिकीट काढा. अर्धीच भरा." दुसरी पाळी भिंगवाल्या मुलाची. त्याने अर्धा गाळ स्वतःच्या पायावर सांडला, पण खेप पुरी केली.

काडी भिंग घेऊन काठावर पालथी झोपली. एकेक दगड उलटत राहिली. किती तरी वेळाने तिने नुसता हात वर केला. सगळे गोळा झाले. दगडाला एक चपटा, मातकट जीव चिकटला होता.

"हे चतुराचं पिल्लू आहे," काडी म्हणाली. "पंख फुटेपर्यंत हे पाण्यातच राहतं. पाणी मेलेलं असतं तर हे इथे नसतं." डॉक्टर, बाई, तो मुलगा, सगळे चिखलात गुडघे टेकून तिचं ऐकत होते. पुलावर टेम्पो उभा होता. तिचे वडील खाली आले नाहीत, पण गेलेही नाहीत.

पावसाळ्यानंतर माझं बूड फाटलं. मला फेकून द्यावं, असं दोघातिघांचं मत पडलं. काडीने मला घरी नेलं. वडिलांनी मला उलटंपालटं करून पाहिलं, पत्र्याचा तुकडा कापला आणि रिबिटं ठोकून ठिगळ लावलं. मग रविवारी ते स्वतः मला घेऊन ओढ्यावर आले. भिंग हातात असलेल्या लेकीला ओलांडून पुढे गेले आणि त्यांनी मला डॉक्टरांच्या हातात दिलं.

"तुमची पाळी आहे म्हणे."

"माझी मागच्या रविवारी झाली," डॉक्टर म्हणाले.

"परत आली."

डॉक्टरांनी मला उचललं.

मित्रांनो, काम झालं की मला धुवा आणि पालथी ठेवा; ओला गाळ पोटात राहिला की मी सडते. एवढी काळजी घेतलीत तरी पुरे. पण तुम्हीही एखादा ओढा, एखादं तळं साफ करायला जाल, तेव्हा पहिल्याच दिवशी पाहून घ्या की पाटी कुणाच्या डोक्यावर आहे आणि भिंग कुणाच्या हातात. दोन्ही रोज त्याच त्याच माणसांकडे असतील, तर ओढा साफ होईल, पण तुम्ही काही शिकला नाहीत असंच मी म्हणेन. तोंडावर म्हणेन.