पाइपावरचे दोन ठोके

माझा साडू भोळा आहे, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. मी आता म्हणणार नाही.

आमच्या कारखान्यात धुण्याची पावडर पाइपातून हवेच्या जोरावर वरच्या मजल्यावर जाते. नियम एकच: आधी पावडर बंद करायची, पाइप रिकामा झाला की मग हवा बंद. उलटं झालं की सगळा माल उभ्या पाइपात बसतो आणि पाइप जाम होतो. दाबाचा काटा कधीचाच बिघडलाय. म्हणून हवा सोडणाऱ्या ब्लोअरच्या खोलीत मी पाइपावर हात ठेवून उभा राहायचो. तिकडे दुसऱ्या टोकाला साडू पाइपाच्या काचेतून बघायचा आणि पाइप रिकामा दिसला की पान्यानं दोन ठोके द्यायचा. ब्लोअरच्या गोंगाटात ऐकू काय येणार, कपाळ! पण तळहाताला कळायचे. ही युक्ती त्याला मीच शिकवली. त्याला इथे चिकटवलाही मीच.

त्या दिवशी साहेब फोरमन नेमणार होते. नाव माझंच होतं. लोकांनी आगाऊ अभिनंदनही करून टाकलं होतं. ठोके आले. मी ब्लोअर बंद केला. पाइप तुडुंब! जोड उघडून पावडर खरवडता खरवडता शिंकांनी जीव नकोसा झाला.

साहेब भडकले. मला वाटलं, साडूची नजर चुकली असेल, बिचाऱ्याची नोकरी जायची. म्हणून म्हटलं, "साहेब, आमच्या दोघांत घोटाळा झाला."

"दोघांत कसला?" साडू म्हणाला. "मी ठोके दिलेच नाहीत. भाऊंनी आपल्या मनानंच बंद केला."

ठोके माहीत होते ते फक्त माझ्या तळहाताला. तो हात कुणापुढे करू?

फोरमन तो झाला.

सुटताना त्याला गेटवर गाठला. "खरं सांग, ठोके दिलेस ना?"

"दिले." नजरसुद्धा चुकवली नाही पठ्ठ्यानं. "काचेत पावडर दिसत होती, तरी दिले."

"आणि ठोके आले म्हणूनच बंद केला, असं मी साहेबांना आधीच सांगितलं असतं तर?"

"तुम्ही? छे!" तो अगदी मनापासून हसला. "भाऊ, तुम्ही माझ्यावर आळ येऊ देणार नाही, याची खात्री होती मला. नाहीतर माझी हिंमत झाली असती का?"