सात नंबरच्या खोलीतला आडोसा

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. जुना आहे, विटलेला आहे आणि भित्रा आहे. नागपुरातल्या एका सरकारी दवाखान्यात, बायकांच्या तपासणीच्या सात नंबरच्या खोलीत, लोखंडी दांडीवर लटकणारा हिरवा सुती पडदा, तो मी. दवाखान्याचं नाव विचारू नका. उगाच कोणाची तरी बदली व्हायची आणि खापर माझ्या डोक्यावर फुटायचं.

माझा जन्म गोळीबार चौकाजवळच्या एका हातमागावर झाला. नत्थूजी नावाच्या म्हाताऱ्या विणकरानं मला विणलं. ठाण उतरवल्यावर त्यांनी मला उन्हासमोर धरलं आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "पल्याडचं काही दिसलं त माझं नाव बदलून टाका." खरंच काही दिसत नव्हतं. मी काय फुगलो होतो त्या दिवशी! पण नत्थूजींनी फक्त उजेडाची परीक्षा घेतली. माझ्यातून आवाज आरपार जातो, हे तेव्हा कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

दवाखान्यात मला वच्छला सिस्टरनं टांगलं. ती तेव्हा नोकरीत नवीन होती. स्टुलावर चढून एकेक आकडा अडकवला, खाली उतरून कमरेवर हात ठेवून पाहिलं आणि म्हणाली, "आता कसं! बायांले मोकळं वाटन." आणि वाटायचंही. माझ्याआड आली की बाईचा आवाज बदलतो. बाहेर सासूसमोर 'सारं ठीक आहे' म्हणणारी माझ्याआड डॉक्टरांना खरं सांगते. मी ते सारं ऐकलं आणि आजवर पोटात ठेवलं.

पुढे दिवस फिरले. आकडे गळाले, आयोडीनचे डाग पडले, धुवून धुवून माझा रंग उतरला. तेही चाललं असतं. पण दोन वर्षांपूर्वी बाहेरच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही आला. त्यावर धूळ बसू नये म्हणून साहेबांना झाकण हवं होतं. शिपाई आत आला, इकडेतिकडे पाहिलं आणि माझा हातभर रुंद पट्टा चर्रकन फाडून घेऊन गेला. सिस्टर रजेवर होती. मला तोंड असतं तर मी अख्खा दवाखाना डोक्यावर घेतला असता. तेव्हापासून पलंगाच्या डोक्याकडे एक फट राहिली. सिस्टर तपासणीच्या वेळी तिथं स्वतः उभी राहायची. नव्या पडद्यासाठी तिनं तीन अर्ज केले, पण उत्तर एकाचंही आलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सांगायला बसलो, ती सांगतो. तुमच्यातले जे मोठे झालेत त्यांनी नीट ऐका.

मागच्या हिवाळ्यात, निवडणुकीच्या दिवसांत, एक मुलगी एकटीच आली. गोपिका तिचं नाव, वय बावीस. हिंगण्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. अंगात कंपनीचा निळा शर्ट, हातात डबा. डॉक्टर हिमानींनी तिला पलंगावर झोपवलं, पोटाला हात लावला आणि हळूच विचारलं, "किती महिने झाले?"

गोपिकानं छताकडे पाहिलं. मग माझी कड मुठीत धरली. तिची मूठ ओली होती. म्हणाली, "मॅडम, माझ्यावर एका माणसानं..."

एवढंच बोलली. नेमका तेव्हाच हॉलमधल्या टीव्हीचा आवाज कोणीतरी वाढवला. एका सभेचं भाषण चालू होतं. मधुसूदनभाऊ बोलत होते, म्हणजे ज्यांचे हात जोडलेले फोटो तेव्हा प्रत्येक चौकात लागले होते, ते.

"मी काही डॉक्टर नाही," भाऊ म्हणाले, "पण जिच्यावर खरीखुरी जबरदस्ती होते ना, तिच्या पोटात काही राहतच नाही. शरीरच राहू देत नाही! राहिलं, म्हणजे काय ते समजून घ्या. अन् मंग ह्याच पोरी दवाखान्यात जाऊन लेकराचा जीव घेतात, अन् वरून म्हणतात, आमच्यावरच अन्याय झाला!"

सभेत हशा पिकला. मित्रांनो, सभा टीव्हीतली होती, लांबची होती. पण मग आमच्या हॉलमधलेही दोघंतिघं हसले. अगदी माझ्यापलीकडे, दहा पावलांवर. ते हसणं ऐकून मी वरपासून खालपर्यंत गार पडलो.

गोपिकाची मूठ सुटली. "काही नाई मॅडम," ती उठत म्हणाली. "पित्त झालं असन."

"थांब गोपिका, तो माणूस साफ खोटं..." डॉक्टर म्हणेपर्यंत तिनं डबा उचलला होता. "येतो मी," म्हणाली आणि गेली. पत्ता कागदावर अर्धाच लिहिलेला होता.

वच्छला सिस्टर तरातरा बाहेर गेली आणि तिनं टीव्हीची पिनच उपटली. "अवं सिस्टर, आता मॅच लागणार होती ना!" कोणीतरी ओरडलं. सिस्टरनं पिन एप्रनच्या खिशात घातली आणि परत येऊन फटीजवळ उभी राहिली.

"अठरा आठवडे होत आले असतील," डॉक्टर तिला म्हणाल्या. "वीसच्या आत आली तर एका डॉक्टरच्या सहीनं गर्भपात होतो. पुढं दुसरा डॉक्टर, अजून कागद, अन् तिच्या जिवालाही धोका जास्त. भीतीपोटी एखाद्या झोलाछापाकडे गेली तर काय करशील?"

झोलाछाप म्हणजे डिग्री नसलेला डॉक्टर. अशांच्या हातून आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. माझ्यावरचे सगळेच डाग आयोडीनचे नाहीत.

मी दिवस मोजायला लागलो. दार वाजलं की मी तिकडे कान लावायचो. मंगळवार गेला, शुक्रवार गेला, पुढचा सोमवारही गेला. ओकाऱ्या काढणाऱ्या एका कोवळ्या मुलीला आणलं तेव्हा ती गोपिकाच असणार असं वाटून माझी बोबडी वळली. ती दुसरीच निघाली, कावीळ झालेली. मला हायसं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

दहाव्या दिवशी गोपिका आली. सोबत तिची मावशी होती, खापरखेड्याकडची जिजाबाई. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, हातात वायरची पिशवी.

"सांग वं बाई, मले जे सांगितलं ते मॅडमले सांग," जिजाबाई म्हणाली. "दहा दिवसांपासून जेवून नाई राहिली ही. काल मीच कंपनीची बस गाठली अन् खाली उतरवली तिले."

गोपिकानं पुन्हा माझी कड धरली. "मॅडम, मी नाही म्हटलं होतं. ओरडली होती. खरंच ओरडली होती. मंग राहिलं कसं? टीव्हीवर त म्हणत होते... मले वाटलं, माझ्याच मनात काही पाप असन."

दहा दिवस त्या पोरीनं स्वतःचीच उलटतपासणी घेतली होती. जो गुन्हा दुसऱ्यानं केला, त्याचा कबुलीजबाब ती स्वतःकडून मागत होती. मित्रांनो, मी कापूस आहे, मला रडता येत नाही. त्या दिवशी फार वाटलं की यावं.

डॉक्टर हिमानी पलंगावर तिच्या शेजारी बसल्या. "गर्भाशयाले काही कळत नसते गोपिका. कोणी जबरदस्ती केली, कोणाचं लग्न झालं, त्याले समजत नाही. तो माणूस खोटं बोलला अन् लोक हसले. तुझा काही दोष नाही. अन् ऐक, तू बावीस वर्षांची आहेस. कायद्यानं तुझी एकटीची सही पुरते. नाव या खोलीबाहेर जाणार नाही, माझा शब्द आहे."

"त्याले त नाई ना कळणार?" गोपिकानं विचारलं. 'तो' म्हणजे कंपनीला कामगार पुरवणारा ठेकेदार. रोज त्याच बसमध्ये, पुढच्या सीटवर बसायचा. "त्याले कळलं त तो मले जिवंत नाई ठेवणार."

"नाही कळणार," डॉक्टर म्हणाल्या.

गोपिकानं सही केली. एकोणीस आठवडे आणि काही दिवस झाले होते, म्हणजे वेळ होती, पण काठावरची. सिस्टरनं तिला पलंगावर झोपवून सलाईन लावलं, आणि मी जरासा सैल झालो. तेवढ्यात खाली गाड्यांचे हॉर्न वाजले.

झालं होतं असं, की भाऊंच्या त्या भाषणावरून पेपरात बोंबाबोंब झाली होती. मतं जातील म्हणून वरून तंबी आली असावी. म्हणून भाऊ आज बायकांच्या वॉर्डात केळी वाटायला आले होते, सोबत पंधरा माणसं आणि तेवढेच मोबाईल. आणि आमच्यातल्याच कोणीतरी, कोण ते मला आजही ठाऊक नाही, त्यांच्या कानात सांगितलं की सात नंबरमध्ये 'तशी' एक मुलगी आहे.

बूट वाजत आले. डॉक्टर आणि सिस्टर दारात आडव्या झाल्या. डॉक्टर म्हणाल्या, "आत तपासणी चालू आहे, येता येणार नाही."

"दोनच मिनिटं मॅडम," भाऊंचा आवाज आला. टीव्हीतला तोच आवाज, पण आता मधाळ. "भगिनीची माफी मागायची आहे. जरा पडदा सरकवा."

कोणाला काही कळायच्या आत अंगठ्यांनी भरलेला एक हात माझ्यावर पडला. त्यानं ओढलं तसे माझे दोन आकडे टपटप तुटले. पलंगाच्या डोक्याकडे, जिथं माझा पट्टा नव्हता तिथं, काठीवर लावलेला एक मोबाईल आत डोकावू लागला. सिस्टर फटीकडे धावली, पण तिला गर्दीनं दाराशीच दाबलं. गोपिकानं चादर तोंडावर ओढली. चादर तोकडी, पाय उघडे पडले. "मावशी," ती पुटपुटली, "मोबाईलमध्ये चेहरा आला त तो पाहीन वं. मी जातो. मले जाऊ दे." आणि ती सलाईनची सुई उपटायला लागली.

आता ती पुन्हा पळणार आणि पुन्हा येणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी आयुष्यात एवढा कधी घाबरलो नव्हतो. मी एकच काम शिकलो होतो, आणि तेवढंही मला त्या वेळी जमत नव्हतं.

जिजाबाईनं तिचा हात घट्ट धरला आणि दाराकडे तोंड करून अशी हाक दिली की खिडकीची तावदानं वाजली.

"आडोसा धरा वं बायांनो!"

कन्हान नदीच्या घाटावर पर्वणीला आंघोळीला गेलेल्या बायकांना ही हाक माहीत आहे. कपडे बदलताना कोणीही ती देते आणि जवळ जी असेल ती, ओळखीची असो नसो, लुगडं ताणून उभी राहते. त्याचा एक नियम आहे. धरणारीनं तोंड बाहेर करायचं, आत पाहायचं नाही.

हॉलमधल्या बाकावरून पहिली उठली ती नऊ महिन्यांची गरोदर बाई. मग एक कॉलेजची पोरगी ओढणी सोडत आली. मग पदर, शाली, एकीच्या लेकराचं दुपटं. गर्दीत कोपर घालत सातआठ जणी आत शिरल्या आणि माझ्या फटीसमोर, माझ्या तुटक्या बाजूसमोर, कापडं ताणून उभ्या राहिल्या. सगळ्यांची तोंडं बाहेर. सगळे मोबाईल त्यांच्याच चेहऱ्यांवर आले. त्यांनाही घरदार होतं, सासू होती, गल्ली होती. त्याही भीत होत्या, कापड हलत होतं ना, मला कळतं ते. पण एकीनंही मान वळवली नाही.

"अहो मावशी," भाऊ म्हणाले, "मी माफी मागायले आलो ना! माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला."

"विपर्यास का काय, ते तुझं तू पाह्य," जिजाबाई म्हणाली. "माफी मागाची हाय त ज्या माईकवर बोलला त्याच माईकवर माग. जे हासले त्यांच्यासमोर माग. लेकरू इथं झोपून हाय, इथं काहून आला?"

एक मोबाईल खाली गेला, मग दुसरा. माझ्यावरचा हात निघाला. बूट परत गेले. केळ्यांची टोपली मात्र दारातच राहिली, आणि ती संध्याकाळपर्यंत कोणी हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी गोपिकाचं सारं नीट पार पडलं. पुढं तिनं पोलिसांत तक्रारही दिली. ठेकेदारावर खटला चालू आहे. तारखेच्या आदल्या दिवशी तिला ताप येतो, पण ती जाते. भाऊ निवडून आले. त्या माईकवर त्यांनी अजून माफी मागितलेली नाही.

चार महिन्यांनी सुट्टीच्या दिवशी गोपिका दवाखान्यात आली. तिनं टीव्हीवरचा माझा पट्टा काढला, झटकला आणि पलंगावर बसून मला शिवून दिला. टाके मोठाले, वाकडे. पट्टा गडद, मी विटका, जोड लांबूनही दिसतो. "आता फट नाई राहिली सिस्टर," ती म्हणाली. वच्छला सिस्टरनं फक्त तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मित्रांनो, मी अजूनही भितो. चौकात कुठं माईकची खरखर झाली की माझे आकडे थरथरतात. नजर अडवायला मी आहे, बायकांचे पदर आहेत. आवाज मात्र आम्हाला कोणालाच अडवता येत नाही. माझी तुमच्याकडे एकच विनवणी आहे. कोणी मोठा माणूस असलं काही बोलला आणि आजूबाजूचे हसले, तर तुम्ही हसू नका. कुठल्या तरी पडद्याआड कोणीतरी मूठ आवळून झोपलेलं असतं, आणि त्याला तुमचं हसणं स्पष्ट ऐकू जातं.