पद्मिनीबाईंच्या कुरडया आणि निगमाचा कागद

दत्तोपंतांचा देवावर विश्वास होता, पण अर्जावर जरा जास्त होता. रेल्वेच्या कचेरीत जन्मभर बाबूगिरी केलेला माणूस. देव ऐकेल न ऐकेल, पोचपावती घेतलेला अर्ज ऐकावाच लागतो, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांच्या पत्नीचं, पद्मिनीबाईंचं, याबाबतचं मत एका शब्दात मावायचं: रद्दी.

अशा या घरात चैत्रात संकट आलं. रायपूरच्या पुरानी बस्तीतली त्यांची गच्ची पूर्वेच्या चार मजली इमारतीमुळे सकाळच्या उन्हाला आधीच पारखी झाली होती. आता पश्चिमेच्या बंद घरावर कोणीतरी भलंमोठं होर्डिंग उभं केलं. सिलतऱ्याच्या कारखान्यातल्या कुठल्याशा सळयांची जाहिरात. दंड फुगवलेला पहिलवान सळई धरून हसत होता, आणि त्याच्या पाठीमागे पद्मिनीबाईंचं दुपारचं ऊन अडकून पडलं होतं.

ऊन ही काही साधी गोष्ट नव्हे. ज्येष्ठात त्यांच्या एकुलत्या लेकीचं, श्रावणीचं, लग्न होतं. रुखवतात आईच्या हातच्या कुरडया मांडायच्या, त्याही पांढऱ्याशुभ्र आणि ताटाएवढ्या. कारण नवऱ्या मुलाकडची मंडळी अमरावतीची, खाण्याआधी नावं ठेवणारी. सावलीत वाळलेली कुरडई आंबते, पिवळी पडते. शेजारणींच्या गच्च्या होत्या, पण रुखवताच्या कुरडया दुसऱ्याच्या गच्चीवर घालायला बाई मुळीच तयार नव्हत्या.

"मम्मी, ऑनलाइन मँगा लेते हैं ना," श्रावणी म्हणाली. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर ती हिंदीत द्यायची.

"मंग नवरदेवही ऑनलाइनच मागवाचा होता!"

तेव्हा दत्तोपंतांनी चष्मा पुसला. "मी माहितीच्या अधिकारात होर्डिंगच्या परवान्याची नक्कल मागतो. परवान्यात उंची लिहिली असते. हे त्याच्याहून उंचच असन. नक्कल हातात आली का पहिलवान खाली! तीस दिवसांत उत्तर द्याच लागते, कायदा आहे."

नक्कल मिळणं आणि होर्डिंग उतरणं यांच्या मध्ये नगर निगमाची, म्हणजे महापालिकेची, किती टेबलं लागतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण बायको कधी नव्हे ती कौतुकानं बघत असताना टेबलं कोण मोजतो?

अर्ज झकास झाला. ‘प्रमाणित प्रतिलिपि’ आणि ‘अविलंब’ हे शब्द त्यांनी दोन-दोनदा घातले. झोन ऑफिसातल्या गौतमबाबूंनी शिक्का मारला आणि म्हणाले, "हव दादा, मिल जाही."

त्या छत्तीसगढी ‘हव’वर, म्हणजे ‘हो’वर, विसंबून पद्मिनीबाईंनी मुदत संपत आली तशी गहू भिजत घातले. ते पाहून दत्तोपंतांना घाम फुटला.

"अवं, थोडी थांबली असती."

"काहून? तुम्हीच म्हणून राहिले होते ना, कायदा आहे मून?"

निगमातलं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत राहतं. गहू तिसऱ्या दिवसाच्या पुढे थांबत नाहीत. ते वाटून चीक काढायचा, दुसऱ्या दिवशी तो शिजवून कुरडया घालायच्या, नाहीतर फेकून द्यायचा. दत्तोपंत रोज पोस्टमनची वाट बघत दारात उभे राहू लागले.

उत्तर आलं ते चीक काढला त्याच दिवशी. दत्तोपंतांनी उभ्याउभ्या वाचलं. ‘उक्त स्थल पर कोई होर्डिंग स्थापित नहीं है। अतः अनुमति की प्रति देने का प्रश्न ही नहीं उठता।’

त्यांनी तशीच स्कूटर काढली, निगमाचं झोन ऑफिस गाठलं आणि मोबाइलमधला फोटो गौतमबाबूंच्या नाकासमोर धरला. गौतमबाबूंनी तो मोठा करून निवांत पाहिला.

"फोटो बहुत बढ़िया आया है दादा. पर ये फोटो में है, रेकॉर्ड में नहीं है."

"तो निकाल दो ना भैया!"

"जो है ही नहीं, उसको निकालें कैसे? पहले सर्वे होगा, फिर रेकॉर्ड में चढ़ेगा, तब उतरेगा."

सर्व्हे पावसाळ्यानंतर होता. चहा मात्र त्यांनी अगदी आग्रह करून पाजला.

घरी येताना दत्तोपंतांना रडूच यायचं बाकी होतं. लेकीच्या लग्नातलं एकच काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं, आणि त्याचेही तीन तेरा वाजले होते. त्यांनी कागद बायकोच्या हातात दिला. "तू म्हणते तेच खरं. रद्दी."

पद्मिनीबाईंनी हात पुसले आणि कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. नवऱ्याच्या एखाद्या कागदाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता.

"शिक्का असली आहे?"

"हो ना."

"सही?"

"साहेबाची."

"म्हणजे तिथे होर्डिंग नाही."

"रेकॉर्डवर नाही."

"मंग जे नाहीच, ते कापलं तर कोणाचं काय जाते?"

जन्मात कधी नियम न मोडलेले दत्तोपंत दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बंद घराच्या गच्चीत, खिशात निगमाचा कागद ठेवून, शिडी धरून उभे राहिले. वर पद्मिनीबाई पदर खोचून भाजीच्या सुरीनं दोऱ्या कापत होत्या. पहिलवान आधी कमरेत वाकला, मग धाडकन आडवा झाला. बाईंनी त्याला आपल्या गच्चीत ओढून पालथा घातला, वर धुतलेलं धोतर अंथरलं आणि सोऱ्या हातात घेतला. दुपारी रिकाम्या सांगाड्यातून ऊन आलं. ज्या वैशाखातल्या उन्हाला सगळं रायपूर शिव्या देत होतं, त्याच्याकडे बाई डोळे भरून पाहत राहिल्या.

संध्याकाळच्या सुमारास जाहिरात एजन्सीचा नीलेश तावातावानं जिना चढून आला. "अंकल, हमारा होर्डिंग किसने काटा? मैं थाने में रिपोर्ट लिखवाता हूँ!"

दत्तोपंत आधी पद्मिनीबाईंच्या मागे सरकले. पण लिहिण्याची गोष्ट निघताच त्यांच्यातला बाबू जागा झाला. "जरूर लिखवाओ. मैं ही लिख देता हूँ, मेरी हिंदी अच्छी है. बस, साथ में परमिशन की कॉपी जोड़नी पड़ेगी." आणि त्यांनी निगमाचा कागद पुढे केला.

नीलेशनं तो वाचला. पुन्हा वाचला. मग कठड्याला टेकून बसला. "आंटी, फ्लेक्स तो वापस दे दो."

"वरचं वाळलं का घेऊन जा, बेटा. चार दिवस लागतीन."

"फिर लगा दूँ?"

"लाव ना. आम्हाले अजून पापड कराचे आहेत."

नीलेशनं कपाळाला हात लावला. जाताना ताक मात्र पिऊन गेला.

कुरडया कडकडीत वाळल्या. पहिली तळून पद्मिनीबाईंनी नवऱ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "तुमच्या कागदानं लाज राखली बरं."

हे वाक्य ऐकायला दत्तोपंतांनी अख्खा संसार केला होता. त्यांचे डोळे पाणावले, छाती फुगली आणि तोंड सुटलं. "आता बघच तू. त्या पूर्वेच्या इमारतीचाही परवाना मागवतो. आपल्या मोहल्ल्यातल्या घरन् घराचा रेकॉर्ड मागवतो!"

"घरन् घराचा?" बाईंनी दुसरी कुरडई तेलात सोडली. "तुमच्या बाबांनी हा वरचा मजला चढवला, तो आहे का हो रेकॉर्डवर?"

दत्तोपंतांनी उघडलेल्या तोंडात कुरडई घातली.

"मस्त झाली आहे," ते म्हणाले. "अजून एक दे."