खोडरबर आणि कात्री

सून गुणाची होती, पण लिहिलेलं खोडल्याशिवाय तिला चैन पडत नसे. सामानाच्या यादीत आधी साबण लिही, मग खोडी, मग परत साबणच लिही. सासूबाई शाळेत जेमतेम अक्षरओळखीपुरत्या गेल्या होत्या, पण कापडावर एकदा मारलेली खडूची रेघ त्यांनी कधी झटकली नव्हती. शिवणाचं दुकान त्यांनी त्याच रेघेवर उभं केलं होतं. अशा बाईच्या घरात ही तळ्यात-मळ्यात करणारी!

इस्पितळाच्या कचेरीत पत्रं लिहायची नोकरी सुनेला हवी होती. तिच्या परीक्षेत इंग्रजी शब्दांच्या जोड्या यायच्या, दिसायला जुळ्या बहिणी, पण एकीचं काम दुसरीला जमत नाही. वाक्यात बसेल ती निवडायची. मागे दोनदा सुनेनं बरोबर शब्द लिहिला, आणि उठता उठता खोडून चुकीचा बसवला. वयाच्या अटीमुळे ही शेवटची खेप होती. त्यातून सासूबाई गल्लीभर सांगून बसलेल्या, की यंदा नोकरी आमच्याच घरात येणार.

एका दुपारी सून पडद्याचं कापड कापत होती. सासूबाईंचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, इस्त्री बाजूला ठेवून तिचं पुस्तक चाळत होता. त्यानं सहज विचारलं, भेट स्वीकारायची तर अ‍ॅक्सेप्ट की एक्सेप्ट? मान वर न करता ती म्हणाली, अ‍ॅक्सेप्ट. दुसरा म्हणजे वगळून. आणि बटण सैल झालं तर? लूस, लूझ म्हणजे गमावणं. सैल बटण माणूस गमावतोच की, यात घोळ कसला घालतात ही माणसं, असं सासूबाई पुटपुटल्या, पण कान टवकारले गेले.

"बरोबर सांगते का रे?"

"सगळं बरोबर आहे, आई."

त्यांनी सुनेला कात्री खाली ठेवायला लावली आणि मुलाला तेच परत विचारायला सांगितलं. लगेच ती डोकं खाजवत म्हणाली, "म्हणजे... थांबा हं."

सासूबाईंना दुखणं कळलं. चालत्या कात्रीला मागे फिरता येत नाही, म्हणून कापताना सुनेचं मनही फिरत नव्हतं. त्यांनी कात्री परत तिच्या हातात दिली. संध्याकाळपर्यंत मुलगा विचारत राहिला, ती कापत आणि सांगत राहिली. एकही उत्तर चुकलं नाही. शेवटचा पडदा मात्र वीतभर आखूड झाला. सासूबाईंनी गिऱ्हाइकासाठी गुपचूप दुसरं कापड काढलं आणि सुनेला चकार शब्द बोलल्या नाहीत, तेव्हा घरातले जरा घाबरलेच.

परीक्षेच्या सकाळी त्यांनी सुनेच्या पेन्सिलीच्या डबीतलं खोडरबर काढून घेतलं आणि त्या जागी शिवणाचा खडू ठेवला.

दुपारी सून परतली ती फुरंगटून. दोन ठिकाणी हात शिवशिवला, पण डबीत बघते तर खडू. मग पहिलं सुचलं तेच ठेवलं. खोडरबर उंदरानं नेलं असेल, एवढंच सासूबाई म्हणाल्या.

निकाल लागला त्या दिवशी सून धावत आली आणि पाया पडायला वाकली. सासूबाईंनी तिला दंडाला धरून उभं केलं.

"नोकरी लागली, नाव राखलंस. इंग्रजी तुला आधीही येत होतं, बये, तुला नुसती भ्यायची सवय होती. आता कचेरीत जाऊन ताठ बस. पण तो आखूड पडदा तुझ्याच खोलीच्या खिडकीला लागणार, आणि तो काढायचा नाही."