वाणातल्या चकत्या

धोंड्याच्या महिन्यात जावयाला जाळीचं वाण द्यायचं असतं. अनारसे द्या, बत्तासे द्या, काही नाही तर म्हैसूरपाक द्या. पण त्याला भोकं हवीत. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या पार्वताबाईंना हे त्यांच्या सासूने सांगितलं, सासूला तिच्या सासूने. भोकंच का, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

यंदा जावईच म्हणाला, "मामाजी, अनारसे नोको. मले स्पेसर द्या. त्यालेबी भोकं असतात."

त्याचे सासरे वामनराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. "पाह्य व ललिता, जावईबापूंनी कसं हुडकून काढलं! भोकं असतात म्हने!"

ललिता हसली नाही. ती अमरावतीला एसटीच्या वर्कशॉपमध्ये कामाला होती, चाकं काढण्या-बसवण्यात तिचा दिवस जायचा. स्पेसर म्हणजे काय हे तिला कुणी सांगायला नको होतं. चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब, यांच्या मध्ये घालायची ॲल्युमिनियमची बोटभर जाड चकती. ती घातली की चाक गाडीच्या अंगाबाहेर सरकतं आणि गाडी छाती फुगवून उभी राहिल्यासारखी दिसते. तिचा नवरा योगेश प्लॉट विकायचा. गिऱ्हाईक आधी गाडी पाहतं, मग जमीन, असं त्याचं म्हणणं.

"चकती घातली का बोल्ट लांब लागतात," ती म्हणाली. "आहे त्याच बोल्टावर नट किती बसंन? दोन-तीन आटे. तेवढ्यावर चाक धरून राहते का?"

"तू एसटीच्या चाकाची बाई," योगेश म्हणाला. "हे कारचं काम हाये."

"कारचं चाक काय हवेत चालते?"

"ललिता," पार्वताबाई आतून म्हणाल्या, "वाणाले नावं ठेवू नये, माय."

मग ताट सजलं. तांब्याच्या ताटात लाल कापड, त्यावर त्या दोन चकत्या, कोऱ्या, पांढऱ्या, जत्रेतल्या आरशासारख्या चकाकणाऱ्या. पार्वताबाईंनी तुपात कुंकू कालवून भोकाभोकाला बोट लावलं, हळद लावली, वर अक्षता टाकल्या. तुपाने अक्षता जागच्या जागी चिकटून बसल्या. पार्वताबाई गोड गळ्याच्या होत्या. जात्यावरचा सूर अजून गेला नव्हता.

धोंड्याच्या महिन्यात वाण जाळीचं जाळीचं,
जावई नारायण, कुंकू लेकीच्या भाळीचं.

"हात लाव, ललिता. वाण जोडीनं घ्यायचं असते," त्या म्हणाल्या. योगेशच्या ओंजळीखाली ललिताने ओंजळ धरली, वरून पाणी सोडलं गेलं. चकत्यांचं वजन दोघांच्या हातांवर आलं. तिला त्या गार धातूची शिसारी आली. सुंदर ओवी, सुंदर ताट, आईचे सुंदर हात, आणि मध्ये ही गोष्ट. देवाच्या ताटात कुणी चपला ठेवाव्या तशी.

त्याच दुपारी योगेशने गाडी सजावटीच्या एका दुकानातून मागच्या दोन चाकांना चकत्या बसवून आणल्या. परत आला तेव्हा चाकं गाडीच्या अंगाबाहेर आली होती, हिरड्या सुजून दात पुढे यावेत तशी. गल्लीतली माणसं पाहायला जमली. वामनराव प्रत्येकाला सांगत होते, "आपलं वाण हाये!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळेच अमरावतीला निघाले. वामनराव-पार्वताबाईंना अंबादेवीचं दर्शन घ्यायचं होतं. वामनराव पुढे जावयाशेजारी, पार्वताबाई मागे उजव्या बाजूला, ललिता मधे. पाच वर्षांची नीलम हट्टाने डाव्या खिडकीशी बसली होती, बरोबर चाकाच्या वर.

मोर्णेचा पूल ओलांडेपर्यंत काही नव्हतं. हायवेला लागल्यावर ललिताच्या तळपायाला ते कळलं. आधी बारीक थरथर. मग एक घुमणारा आवाज, रिकाम्या रांजणात कुणी खडा फिरवावा तसा.

"गाडी थांबवा. डावं मागचं चाक हलून राहिलं."

"रस्ता खराब हाये," योगेश म्हणाला.

"रस्ता खराब असता तं चारी चाकं बोलली असती. एकच बोलून राहिलं."

"मामाजी, तुमाले काही आवाज येते का?"

वामनरावांनी कान दिला. आवाज येत होता. ललिताला त्यांच्या मानेची शीर दिसत होती, ती ताणलेली होती. "नाई बा," ते म्हणाले. "मले तं काई येत नाई. मस्त चालली गाडी."

ललिताला चाकापेक्षा बापाचं ते 'मस्त' जास्त टोचलं. हेच वामनराव बैलगाडीच्या धावेचा आवाज बदलला तर अर्ध्या रस्त्यात जू उतरवायचे, बैलाला रागवायचे नाहीत, कणा तपासायचे. जावई झाला आणि त्यांचे कान गेले.

तिने नीलमला उचलून मांडीवर घेतलं. "बोरगावले टायरवाला हाये. थांबवा, नाईतं मी दार उघडते."

"उघड."

तिने डावीकडे हात लांबवून दार खरंच उघडलं. वारा आत घुसला, नीलम किंचाळली, पार्वताबाईंनी दोन्ही हातांनी लेकीचा पदर धरला. योगेशने शिवी गिळली आणि बोरगाव मंजूला हायवेच्या कडेला गाडी घेतली.

टायरवाल्याचं नाव गुलफाम. तंबाखूचा तोबरा, कपाळावर चढवलेला चष्मा. "काय झालं भाऊ? पंक्चर?"

"बायकोचं डोकं पंक्चर झालं," योगेश म्हणाला. "चाक खोलून दाखवा तिले."

गुलफामने पाना लावला. पहिल्या नटाला जोर लावावाच लागला नाही. पाना ठेवताच तो फिरला. दुसरा त्याने बोटांनी काढला. तो हसला, मग हसायचं थांबला. चाक निघालं आणि मागोमाग वास आला.

जळक्या तुपाचा वास. हबच्या तोंडावर गंजाची पापडी तशीच होती, कुणी तारेच्या ब्रशने घासली नव्हती. तिच्यावर कुंकू, हळद, तूप आणि ब्रेकची काळी धूळ यांचा लगदा झाला होता, जुन्या खपलीसारखा. त्या लगद्यात तांदळाचे दाणे होते. काही पिठूळ झालेले, काही अख्खे.

"ये क्या है?" गुलफाम म्हणाला. "मधात तांदूळ कोनी टाकले?"

"अक्षता," पार्वताबाई हळूच म्हणाल्या.

"दुकानवाला ते पुसून काढत होता," योगेश म्हणाला. "मीच म्हटलं, वाणावरचं कुंकू पुसायचं नसते."

ललिता वाकून पाहत राहिली. दाण्यांवर चकती टेकली होती, हबवर नाही. दाणे पिचत गेले तशी मध्ये फट पडली, फट पडली तसे नट ढिले झाले, आणि त्या नटांना धरायला मुळातच दोन-तीन आटे. तिथे वर, पत्र्याच्या पलीकडे, नीलमची चप्पल अजून सीटवर पडलेली होती. ललिता बाजूला जाऊन थुंकली. तुपाची तिला आयुष्यात कधी घाण वाटली नव्हती, आज वाटली.

"साफ करा अन् घट्ट कसून द्या," योगेश म्हणाला.

"देतो न," गुलफाम म्हणाला. "तुमी म्हनान तसं. माझं काय जाते?"

"कसून काय होईन?" ललिता म्हणाली. "आटे वाढतात का कसून? काढून टाका म्हना ते."

"मामाजीनं दिलेलं वाण हाये ते. रस्त्यावर काढू? मामाजी, तुमी सांगा. काढू?"

सगळे वामनरावांकडे पाहू लागले. वामनरावांनी हबवरचा लगदा पाहिला, नात पाहिली, जावई पाहिला. "आता... जावईबापूंच्या मनावर हाये," ते म्हणाले.

ललिताला वाटलं, कुणीतरी आपल्या तोंडात तो काळा लगदा कोंबला. आटे, बोल्ट, फट, ती बोलली ते सगळं इथे कुणाच्या कानात शिरत नव्हतं. इथे एकच भाषा चालत होती. मग तिने तीच बोलायची ठरवली.

"ठीक हाये," ती म्हणाली. "वाण आहे न? वाण कोनाले दिलं?"

"मले," योगेश म्हणाला.

"आई, वाण कोनाले दिलं?"

पार्वताबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या.

"तू पाणी सोडलं. कोनाच्या हातावर सोडलं? सांग."

पार्वताबाईंचे ओठ हलले. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही, जावयाकडे पाहिलं नाही. "जोडीच्या," त्या म्हणाल्या. "हिनंबी हात लावला होता. जोडीचंच असते वाण."

"मंग अर्धं मायं," ललिता म्हणाली. "दोन चकत्या. एक यांची, एक मायी. ज्या बाजूनं मायी पोरगी बसते ते मायी. गुलफामभाऊ, मायी काढून द्या. त्यायची राहू द्या."

गुलफामने तंबाखू थुंकली. "ताई, एका बाजूची काढून नाई चालत. गाडी लंगडी होते. मोडवर फेकंन. काढाल तं दोन्ही काढा, नाईतं मी चाकच नाई लावत. उद्या नाव मायं येईन."

"मी तं मायीच मागून राहिली," ललिता म्हणाली. "यांचीले हात लावला का मी?"

हायवेवरून एक ट्रक गेला. धूळ उडून सगळ्यांच्या डोळ्यांत गेली. योगेशने रुमालाने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं.

"काढा," तो शेवटी म्हणाला. "दोन्ही काढा. लोकायची लफडी नोको मले. घरी गेल्यावर पाहतो."

गुलफामने उजवं चाक खोललं. तिथेही तेच. तोच वास, तेच दाणे. ललिताने त्याच्याकडून तारेचा ब्रश मागून घेतला आणि पदर खोचून दोन्ही हब स्वतः घासले. लाल-काळा चुरा तिच्या नखांत गेला. पार्वताबाई जवळ येऊन म्हणाल्या, "कुंकू हाये व ते, जरा हळू." ललिता म्हणाली, "घाण हाये, आई." आणि घासत राहिली.

डावं चाक तिने स्वतः लावलं. एक नट, मग त्याच्या समोरचा, मग तिसरा, मग त्याच्या समोरचा. आता नट खोलवर जात होता, आट्यामागून आटा, हाताला कळेल असा.

तेव्हाच वामनराव पुढे आले. ते जावयाच्या समोर, चाकाच्या अगदी लगत येऊन उभे राहिले आणि कमरेत वाकून त्यांनी हात जोडले.

"पोरीचं मनावर घेऊ नका, जावईबापू. तोंड लय झालं तिचं, नोकरीनं. मी दुसऱ्या आनून देतो. चांगल्या, लांब बोल्टाच्या. महिना सरायच्या आत."

योगेशने मान वळवून घेतली. रागाने की लाजेने, ललिताला कळलं नाही, आणि तिला जाणूनही घ्यायचं नव्हतं. तिने पान्याचा दांडा धरून वर पाहिलं. बापाचे जोडलेले हात, सुरकुतलेले, त्याच हातांनी कधी तिला सायकलवर बसवलेलं, बरोबर तिच्या पान्याच्या वाटेत होते.

"बाबा, हात बाजूले घ्या," ती म्हणाली. "शेवटचा नट राहिला."