खाडीची बोय

आता याला काय म्हणावं! कोपरीच्या कोळीवाड्यात मत घरोघर ठरत नसे. गावकी बसायची, ज्याच्या हातात नारळ द्यायची त्यालाच सगळी मतं पडायची. आणि एकदा दिलेला नारळ परत घ्यायचा नाही. ब्याण्णव सालच्या निवडणुकीत गावकीपुढे प्रश्न एकच होता, खाडी कोण वाचवणार?

उमेदवार दोन. हरिहर मास्तरांनी चार पानी पत्रक छापलेलं. कुठल्या नाल्यातून कारखान्यांचं पाणी खाडीत येतं, ते आधी साफ करून मगच कसं सोडायचं, सगळं तपशीलवार. पोपटशेठचं पत्रक रंगीत. किनाऱ्यावर बाग, दिवे, पक्का धक्का. पाण्याबद्दल अवाक्षर नाही.

गावपाटील परशुराम म्हणाले, "कागद कुनीपन छापतो. दोघांना खाडीचं म्हावरं जेवाला घाला. खाऊन काय बोलतात, ते बघू."

जेवण घालायचा मान आवडाबाईला मिळाला, कारण तिचा नवरा दामाजी खाडीत जाळं टाकणारा वाड्यातला शेवटचा माणूस. त्याच्या जाळ्यात येणाऱ्या बोय माशांना रॉकेलचा वास यायचा, बाजारात कुणी हात लावत नसे. आवडाबाई उत्तनच्या बंदरावरून समुद्राचं म्हावरं आणून विकायची, त्यावर घर चालायचं. दामाजी मात्र रोज खाडीवर जायचाच.

शनिवारी मास्तर आले. एक घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, मला हे गिळवत नाही," त्यांनी हात जोडले. "तुम्ही रोज कसं खाता?" आणि भरलं ताट ठेवून उठले. आवडाबाई शरमेनं अर्धमेली झाली. कोळणीच्या दारातून पाहुणा उपाशी उठावा? छे!

रविवारी पोपटशेठ यायचे, तर तिचा हातच धजेना. दामाजीच्या बोयी तिनं मागच्या दारी टाकल्या. मांजरांनीही हुंगून सोडल्या. टोपलीतल्या उत्तनच्या बोयींचं कालवण केलं, कुणाला न सांगता. शेठनी बोटं चाटून खाल्लं. "याला म्हणतात खाडीचं म्हावरं! कुठं घाण आहे? उगाच बोंब मारतात लोक."

उंबऱ्यात उभ्या दामाजीचा चेहरा असा फुलला की बस्स. "बघ गं, माझी बोय खाल्ली त्यांनी! किती वरसांनी कुनी गोड मानून खाल्ली."

संध्याकाळी गावकी बसली. पाटील म्हणाले, "घाण नाय म्हनतो तो खोटं बोलतो. पन मास्तरनं आपलं ताट टाकलं, शेठनं नाय टाकलं." आवडाबाईनं तोंड उघडलं असतं तर तिथंच निकाल फिरला असता. तिनं दामाजीकडे पाहिलं. तो अजून हसत होता. तिची जीभ रेटेना. नारळ पोपटशेठच्या हातात गेला.

शेठ निवडून आले आणि गुलालानं माखून, पाटलांना सोबत घेऊन पुन्हा तिच्याच दारी जेवायला बसले. या खेपेला तिनं दामाजीच्याच बोयी रांधल्या.

पहिल्याच घासाला शेठनी थू केलं. "रॉकेल ओतलंस काय गं?"

"ही खाडीची बोय हाय, शेठ. तवा वाढली ती उत्तनची होती."

शेठ चूळ भरून चालते झाले. पाटलांनी मान खाली घातली. दामाजीनं टोप पुढ्यात ओढला आणि एकेक बोय काट्यापर्यंत खाल्ली.

"मास्तर माझं म्हावरं खाऊन रडला गं," तो म्हणाला. "आन मी त्याला मत दिलं नाय."